ऑफ-रोड असं काही नसतं

ऑफ-रोडला मराठीत काय म्हणायचं? 'आडवाट' हा त्यातल्या त्यात जवळचा शब्द. आणि गंमत बघा, आडवाट झाली तरी ती वाटच असते. कुणीतरी आधी तिथून गेलेलं असतं. इंग्रजी शब्द म्हणतो की इथे रस्ताच नाही, तुम्हीच पहिले. अकरा दिवस जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेतल्यावर माझं मत असं झालंय की मराठी शब्दच जास्त खरा आहे.

मागच्या एप्रिलमध्ये मी आणि दोन मित्र कॅलिफोर्नियातून निघून युटापर्यंत जाऊन आलो. तिघेही कोड लिहून पोट भरणारे. गाडी एका मित्राची स्वतःची रँग्लर, कारण भाड्याच्या गाड्यांच्या करारात बहुधा कच्च्या रस्त्याला सक्त मनाई असते. मार्ग असा: आधी मोहावे वाळवंटातून जाणारा मोहावे रोड, मग लास व्हेगासला एक रात्र (आंघोळीसाठी, जुगारासाठी नाही :-) ), मग दक्षिण युटात एस्कलांटेजवळचा 'होल-इन-द-रॉक' रस्ता, आणि शेवटी मोआबजवळ कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कातला व्हाइट रिम रोड. या तिन्हीचा कच्चा भाग मिळून साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास भरतो.

प्रवासवर्णन लिहायचा विचार नाहीये. फोटो ज्यांना बघायचेत त्यांना मी दाखवतोच, नको म्हटलं तरी दाखवतो. पण तिसऱ्या दिवशीपासून डोक्यात एक प्रश्न किडा होऊन बसला. जिथे पन्नास-पन्नास किलोमीटरवर घर नाही, दुकान नाही, झाड म्हणावं असं झाड नाही, तिथे हा रस्ता केला कुणी? आणि का? परत आल्यावर काही वीकएंड त्याच्यामागे घालवले. तिन्ही रस्त्यांची उत्तरं वेगवेगळी निघाली, आणि तिन्ही उत्तरं शेवटी एकाच जागी येऊन मिळाली.

पाण्याची वाट

मोहावे रोड साधारण २२० किलोमीटरचा. पूर्वेला कोलोरॅडो नदीपासून सुरू होतो आणि पश्चिमेला बार्स्टोच्या अलीकडे मोहावे नदीपाशी संपतो. आम्हाला पुढे युटात जायचं होतं म्हणून आम्ही तो उलटा, पश्चिमेकडून पूर्वेकडे केला. मध्ये पेट्रोल नाही, दुकान नाही. माणशी रोज चार लिटर पाणी हा किमान हिशेब, आम्ही त्याच्या दुप्पट घेतलं होतं. कच्चा रस्ता लागला की टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे वाळूत चाक रुतत नाही, आणि परत डांबर लागलं की छोट्या काँप्रेसरने भरायची.

नकाशावर ही वाट बघितली तर वेडीवाकडी दिसते. सरळ सपाटी सोडून मध्येच डोंगराकडे वळते, परत खाली येते. मग लक्षात येतं की ती झऱ्यांना जोडत चाललीये. सोडा स्प्रिंग्स, मार्ल स्प्रिंग्स, रॉक स्प्रिंग, पायूट स्प्रिंग. एका झऱ्यापासून दुसऱ्या झऱ्यापर्यंत पायी एका दिवसाची, फार तर दीड दिवसाची चाल. बाकी वाळवंट कितीही मोठं असो, माणसाला जाता येईल असा पट्टा एवढाच.

हा पट्टा शोधला मोहावे लोकांनी. कोलोरॅडो नदीकाठी शेती करणारी ही जमात. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या लोकांशी त्यांचा व्यापार चालायचा, शिंपले याच वाटेने आत यायचे. १७७६ मध्ये फ्रान्सिस्को गार्सेस नावाचा स्पॅनिश पाद्री या वाटेने किनाऱ्याकडे गेला, तो मोहावे वाटाड्यांना सोबत घेऊन. १८२६ मध्ये जेडेडाया स्मिथ हा फरचा व्यापारी पूर्वेकडून आला, त्यालाही वाट दाखवली गेली. पुढच्याच वर्षी, १८२७ मध्ये तो परत आला तेव्हा मात्र मोहावेंनी हल्ला केला आणि त्याची दहा माणसं मारली. मधल्या काळात आलेल्या दुसऱ्या शिकारी टोळ्यांशी त्यांची चकमक झाली होती, आणि गोऱ्या माणसाबद्दलचं त्यांचं मत बदललं होतं.

मग आले उंट. हो, उंट! अमेरिकन लष्कराने १८५६-५७ मध्ये भूमध्य समुद्राकडून उंट आणून टेक्सासमध्ये ठेवले होते. १८५७ मध्ये एडवर्ड बील या अधिकाऱ्याने त्यातले पंचवीसेक उंट घेऊन न्यू मेक्सिकोपासून कोलोरॅडो नदीपर्यंत गाडीरस्त्याची आखणी केली. उंटांबरोबर हाजी अली नावाचा उंटवाला होता. अमेरिकनांनी त्याच्या नावाचं 'हाय जॉली' करून टाकलं. त्याची कबर ॲरिझोनातल्या क्वार्टझाइट गावात आहे, वर पिरॅमिड आणि पिरॅमिडवर धातूचा उंट.

रस्ता आखला गेला म्हटल्यावर माणसं येणारच. १८५८ मध्ये बैलगाड्या घेऊन आलेला स्थलांतरितांचा एक तांडा नदीपाशी पोचला. मोहावेंच्या दृष्टीने ही सरळ घुसखोरी होती. हल्ला झाला. १८५९ मध्ये लष्कर आलं आणि नदीकाठी फोर्ट मोहावे उभं राहिलं. पुढच्या दशकात झऱ्याझऱ्यावर छोट्या चौक्या बसल्या, कारण झरे ज्याच्या हातात त्याच्या हातात वाट. पायूट स्प्रिंगजवळच्या चौकीच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत. आपल्याकडचा एखादा पडका गढीकोट दिसावा तितपत.

म्हणजे बघा, वाट मोहावेंनी दाखवली आणि त्याच वाटेने त्यांच्यावर राज्य करणारे आले. लष्कर १८९० मध्ये तिथून गेलं, तेव्हा त्या फोर्टात मोहावे मुलांसाठी सरकारी निवासी शाळा निघाली. मुलांना घरापासून तोडून इंग्रजी शिकवणारी.

रस्त्याचं महत्त्व मात्र त्याआधीच संपलं होतं. १८८३ मध्ये नीडल्सला रेल्वे जोडली गेली. वाफेच्या इंजिनालाही पाणी लागतं, पण ते टँकरने आणता येतं. झऱ्यांची वाट ओस पडली. थोडीफार गुरंवाल्यांनी आणि खाणवाल्यांनी वापरली, बाकी विसरली गेली.

ती परत सापडली एका माणसाच्या छंदामुळे. डेनिस केसबियर हे नौदलासाठी काम करणारे पदार्थवैज्ञानिक. नोकरी सांभाळून त्यांनी अभिलेखागारांतून लष्कराची जुनी पत्रं, अहवाल, नकाशे उकरले, आणि प्रत्यक्ष वाळवंटात जाऊन ते जुळवले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला 'फ्रेंड्स ऑफ द मोहावे रोड' हा गट काढला, १९८३ मध्ये मैलामैलाची मार्गदर्शिका छापली. आज लोक जीपने हा रस्ता करतात तो त्यांच्यामुळे. नोकरी सांभाळून वीकएंडला इतिहास करणाऱ्या आमच्यासारख्यांनी या माणसाला मनातल्या मनात नमस्कार करायला हरकत नाही. २०२१ मध्ये ते गेले.

या वाटेवर सोडा लेक नावाचं कोरडं तळं लागतं. पांढरं, सपाट, मीठ पसरल्यासारखं. पाऊस झालेला असेल तर वरून कोरडं दिसतं आणि आत चिखल असतो, गाडी गेली तर बसतेच. तळ्याच्या मध्यावर दगडांचा मोठा ढीग आहे. येणाऱ्या प्रत्येकाने सोबत एक दगड आणून तिथे ठेवायचा. ढिगावर एक पाटी आहे, आणि तिच्यावर काय लिहिलंय ते बाहेर कुणाला सांगायचं नाही असा संकेत आहे. तेव्हा मीही सांगत नाही.

सहा आठवड्यांचा शॉर्टकट

दुसरा रस्ता एस्कलांटे गावाजवळून निघतो आणि नव्वदेक किलोमीटर धूळ खायला लावून कोलोरॅडो नदीच्या कड्यावर नेऊन सोडतो. शेवटचे काही किलोमीटर खरोखर जीपचे. मग गाडी थांबते आणि समोर कातळात एक चीर दिसते. 'होल-इन-द-रॉक' ती हीच.

१८७९ च्या अखेरीस मॉर्मन पंथाच्या सुमारे अडीचशे माणसांना चर्चने सांगितलं की पूर्वेला सान हुआन नदीकाठी जाऊन वस्ती करा. ८३ गाड्या, हजारभर गुरं, बायकापोरं. ठाऊक असलेले रस्ते उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून लांबचा वळसा घालून जात होते. कुणीतरी सुचवलं की सरळ गेलो तर सहा आठवड्यांत पोचू. (प्रोजेक्टमध्ये हे वाक्य ऐकलंय ना तुम्ही? मीही ऐकलंय.)

सरळ जाण्यात अडचण एकच होती, मध्ये सुमारे तीनशे मीटर खोल दरी. थंडीत, डोक्यावर बर्फ पडत असताना, त्यांनी ती चीर सुरुंग लावून आणि छिन्नी-हातोड्याने रुंद केली. एका ठिकाणी गाडी जाईल एवढी जागाच नव्हती, तर कातळाला ओळीने भोकं पाडून त्यात लाकडी खुंट्या ठोकल्या, त्यावर ओंडके आणि दगड-माती टाकून कड्याला चिकटलेला रस्ता तयार केला. काम चालू असताना मागे थांबलेली मंडळी एका मोठ्या खडकाच्या सावलीत फिडल वाजवून नाचायची. त्या खडकाला आजही डान्स हॉल रॉक म्हणतात. २६ जानेवारी १८८० ला गाड्या उतरवायला सुरुवात झाली. चाकं बांधून टाकलेली आणि मागून दोर धरून माणसं लटकलेली. एकही माणूस दगावला नाही. सहा एप्रिलला ते ब्लफ इथे पोचले आणि थकून तिथेच वसले. सहा आठवड्यांचे सहा महिने झाले होते.

आणि हा एवढा खटाटोप करून केलेला रस्ता किती वर्षं चालला? साधारण एक. नंतर नदी ओलांडायला दुसरी सोपी जागा सापडली. १९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले आणि चिरेच्या पायथ्याशी लेक पॉवेलचं पाणी आलं.

आम्ही त्या चिरेत थोडं खाली उतरलो. सह्याद्रीत घाटवाटा केलेल्यांना उतार नवीन नाही, पण इथून भरलेली बैलगाडी उतरवायची कल्पना केली की पोटात गोळा येतो. कातळावर चाकांच्या घासण्याच्या खुणा आणि खुंट्यांची भोकं अजून दिसतात. एक वर्ष वापरलेला रस्ता, आणि त्याच्या खुणा एकशे चाळीसहून जास्त वर्षं टिकून.

वाळवंटाचा हा गुण नीट लक्षात घ्यायला हवा. कोकणात पायवाट एक पावसाळा चालली नाही तर गडप होते. इथे उलट. १९४२ मध्ये जनरल पॅटनने मोहावे आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र काढलं, १९४४ मध्ये ते बंद झालं. त्या रणगाड्यांच्या पट्ट्यांच्या खुणा आजही जमिनीवर दिसतात. युटात मातीवर काळपट, खडबडीत साय धरलेली असते. सूक्ष्म जिवाणू, शेवाळं आणि दगडफुलं यांनी मिळून बांधलेली ही साय माती धरून ठेवते. तिच्यावर एक पाय पडला की ती मोडते आणि परत धरायला कित्येक वर्षं, काही ठिकाणी दशकं लागतात. म्हणून तिथले रेंजर सारखे बजावतात की आखलेल्या वाटेवरून चाक बाहेर काढू नका.

इथे गेलेलं चाक म्हणजे कागदावर उमटलेली सही. आणि ही उपमा वाटते त्यापेक्षा जास्त शब्दशः खरी आहे.

एका वाक्याचा कायदा

२६ जुलै १८६६ ला अमेरिकी काँग्रेसने खाणींबद्दल एक कायदा केला. त्यातलं आठवं कलम एका वाक्याचं आहे. मतितार्थ असा: सरकारी जमीन सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली नसेल, तर तिच्यावरून हमरस्ता बांधायचा हक्क दिला आहे. अर्ज नाही, नोंद नाही, नकाशा नाही. पश्चिमेकडे लोक जावेत, खाणी निघाव्यात, म्हणून दिलेली मोकळीक.

हे वाक्य एकशे दहा वर्षं कायद्यात राहिलं. १९७६ मध्ये नव्या जमीन कायद्याने ते रद्द केलं, पण आधीच निर्माण झालेले हक्क तसेच ठेवले. आपल्या भाषेत सांगायचं तर फंक्शन डिप्रिकेट केलं, पण जुने कॉल चालू ठेवले. आणि कॉल किती होते याची लॉग फाइल कुणाकडेच नव्हती.

मग काय होणार? वाळवंटातल्या प्रत्येक चाकोरीबद्दल भांडण. युटा राज्याने आणि तिथल्या काउंट्यांनी केंद्र सरकारवर खटले घातले, २०१२ पर्यंत दाव्यांची संख्या बारा हजार रस्त्यांच्या घरात गेली. रस्ता आमचा ठरला तर पार्कातून, अभयारण्यातून गाड्या जाऊ देण्याचा हक्क आमचा, असं हे गणित. बरेचसे दावे अजून चालूच आहेत. पर्यावरणवाद्यांच्या दृष्टीने यातले कित्येक 'रस्ते' म्हणजे गुरांची वाट, कोरडा ओढा किंवा कुणीतरी एकदा जीप घातलेली जागा.

न्यायालयाने निकष असा धरला की युटाच्या कायद्याप्रमाणे जनतेने सलग दहा वर्षं वापर केला असेल तर तो रस्ता. आता १९७६ च्या आधीची सलग दहा वर्षं सिद्ध कशी करायची? माणसांनी. लहानपणी बापाबरोबर इथून गुरं नेली, शिकारीला गेलो, असं शपथेवर सांगणारी म्हातारी माणसं. ती एकेक करून जायला लागली तशी राज्याने त्यांच्या साक्षी आधीच नोंदवून ठेवायची घाई केली.

कॅन्यनलँड्समधल्या सॉल्ट क्रीकचं प्रकरण यातलं गाजलेलं. हा चक्क ओढा. ओढ्याच्या पात्रातूनच जीप जायच्या, कारण दुसरी जागा नाही. वाळवंटातला वाहता ओढा म्हणजे झाडं, पक्षी, बेडूक, सगळ्यांचा आधार. पार्कने तिथे गाड्या बंद केल्या. सान हुआन काउंटी न्यायालयात गेली. पार्क १९६४ मध्ये झालं, म्हणजे त्याआधीची सलग दहा वर्षं दाखवायची होती. गुरंवाले गेले होते, काही जीपवाले गेले होते, पण सलग आणि सार्वजनिक वापर सिद्ध झाला नाही. २०१४ मध्ये अपील न्यायालयातही काउंटी हरली.

मी जीपप्रेमी आहे, तरीही मला हा निकाल पटतो. पण काउंटीच्या बाजूलाही एक दुखणं आहे, ते उडवून लावता येत नाही. ज्यांच्या चार पिढ्या त्या ओढ्याकाठी गुरं चारत होत्या, त्यांना वॉशिंग्टनहून कुणीतरी सांगतं की तुमच्या आठवणी पुरेशा नाहीत.

बॉम्बचा रस्ता

तिसरा रस्ता व्हाइट रिम. कॅन्यनलँड्सच्या वरच्या पठारावरून सुमारे तीनशे मीटर खाली पांढऱ्या वालुकाश्माची एक पायरी आहे, आणि तिच्या काठाकाठाने सुमारे १६० किलोमीटरचा रस्ता फिरतो. खाली उतरायचं ते शेफर ट्रेलच्या वळणांनी. ही आधी मूलनिवासींची पायवाट, मग शेफर कुटुंबाने गुरांसाठी मोठी केली, आणि १९५० च्या दशकात ट्रक जातील एवढी रुंद झाली. तिथे दोन रात्री तंबूत काढल्या. आकाशगंगा म्हणजे काय ते तिथे कळलं. पाणी सगळं सोबत न्यावं लागतं, आणि स्वतःची घाणही डब्यात भरून परत आणावी लागते.

ट्रक कशासाठी? युरेनियमसाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेला बॉम्बसाठी देशातलं युरेनियम हवं होतं. अणुऊर्जा आयोग हा एकमेव गिऱ्हाईक. त्याने भाव बांधून दिला, नव्या साठ्याला बक्षीस लावलं, आणि शोधणाऱ्यांना आत जाता यावं म्हणून आग्नेय युटात जवळपास हजार मैल रस्ते करवून घेतले. १९५२ मध्ये चार्ली स्टीन नावाच्या कफल्लक भूवैज्ञानिकाला मोआबच्या आग्नेयेला मोठा साठा सापडला आणि लोंढा सुरू झाला. १९५० मध्ये जेमतेम तेराशेच्या आत असलेली मोआबची वस्ती दहा वर्षांत साडेचार हजारांच्या वर गेली. युद्धातून उरलेल्या स्वस्त जीपा आणि हातात गायगर काउंटर, अशी माणसं दऱ्याखोऱ्यांत घुसली.

गंमत म्हणजे व्हाइट रिमच्या बाजूला युरेनियम फारसं निघालंच नाही. रस्ता तेवढा राहिला.

मग १९६१ मध्ये केनेडींच्या मंत्रिमंडळातले अंतर्गत खात्याचे मंत्री स्टुअर्ट युडॉल इथे आले. वरून उडताना त्यांना हा प्रदेश दिसला. बरोबर होते धरणं बांधणाऱ्या खात्याचे प्रमुख, आणि ते दाखवत होते की धरण कुठे होऊ शकेल. युडॉलना तिथे नॅशनल पार्क दिसला. आर्चेसचे अधीक्षक बेट्स विल्सन यांनी त्यांना जीपने आतला भाग फिरवला. १२ सप्टेंबर १९६४ ला कॅन्यनलँड्स नॅशनल पार्क झालं. १९६७ मध्ये मोआबच्या व्यापाऱ्यांनी जीप सफारी सुरू केली. खाणी मंदावल्यावर गाव पर्यटनावर जगायला लागलं, आणि बॉम्बसाठी केलेले रस्ते 'ट्रेल' झाले.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

पुरावा

याच युरेनियमचा मोठा भाग नवाहो लोकांच्या जमिनीतून निघाला. मॉन्युमेंट व्हॅली, जिथे आपण सगळे फोटो काढतो, तिथेही खाणी होत्या. १९४४ ते १९८६ या काळात नवाहो प्रदेशातून सुमारे तीन कोटी टन खनिज काढलं गेलं. पाचशेहून अधिक सोडून दिलेल्या खाणी आजही तिथे आहेत. खाणीत काम करणारे बरेचसे तिथलेच. घराजवळ मिळालेली पगाराची नोकरी म्हणून गेलेले.

युरेनियमच्या खाणीत रेडॉन वायू साठतो. हवा खेळती ठेवली नाही तर त्याचे किरणोत्सारी कण फुप्फुसात जाऊन बसतात. युरोपात अशा खाणीतल्या कामगारांना फुप्फुसाचा कर्करोग होतो हे डॉक्टरांना युद्धाच्या आधीपासून माहीत होतं. १९५० मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने खाणकामगारांचा अभ्यास सुरू केला. तपासण्या झाल्या, आकडे जमले. धोका काय आहे ते कामगारांना सांगितलं गेलं नाही. हे वाचल्यावर मी लॅपटॉप मिटला आणि थोडा वेळ नुसताच बसून राहिलो. डेटा गोळा करून गप्प बसणं म्हणजे काय, ते आमच्या धंद्यातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

माणसं खोकत खोकत गेली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या विधवांनी एक वकील गाठला. कोण? तेच स्टुअर्ट युडॉल. मंत्रिपद जाऊन दहा वर्षं झाली होती. ज्या माणसाने युरेनियमच्या रस्त्यांचं पार्क केलं, त्यानेच युरेनियमने मेलेल्यांचा खटला चालवला. आणि तो हरला. १९८४ मध्ये न्यायालय म्हणालं की कामगारांचं दुःख खरं आहे, पण धोरणाच्या निर्णयासाठी सरकारवर असा दावा लागत नाही. दाद मागायची तर काँग्रेसकडे.

काँग्रेसने १९९० मध्ये भरपाईचा कायदा केला. पात्र ठरलेल्या खाणकामगाराला एक लाख डॉलर. आता पुरावा आणा. कुठल्या खाणीत, किती महिने, कधी? छोट्या ठेकेदारांच्या खाणी, हिशेबाची बोंब. विधवा असाल तर लग्नाचा दाखला आणा. नवाहो पद्धतीने, घरच्यांसमोर झालेल्या लग्नाचा कागद कुठून आणायचा? कित्येक अर्ज असेच अडकले. २००० मध्ये अटी सैल केल्या, गिरणीत काम करणारे आणि खनिज वाहणारेही धरले. जून २०२४ मध्ये कायद्याची मुदत संपली आणि तो बंद पडला. जुलै २०२५ मध्ये परत आणला, आणि या वेळी १९९० पर्यंत खाणीत काम केलेल्यांनाही धरलं. पहिल्या खाणकामगारांतले किती जण तोपर्यंत उरले होते, याचा अंदाज तुम्हीच करा.

आता हे शेजारी शेजारी ठेवून बघा. त्याच वाळवंटात, त्याच काळाबद्दल, दोन प्रकारचे लोक पुरावा घेऊन उभे आहेत. एक म्हणतो, आम्ही इथून गाडी नेत होतो. त्याची आठवण शपथेवर नोंदवायला राज्य स्वतः त्याच्या घरी जातं, कारण त्यामागे रस्ता आहे आणि रस्त्यामागे जमीन. दुसरी म्हणते, माझा नवरा या खाणीत उतरत होता. तिला कागद मागितला जातो. आणि ज्या मोहावेंनी झऱ्यांची वाट शोधली, त्यांची तर कुठल्याच रकान्यात नोंद नाही. १८६६ च्या त्या वाक्यात जमीन 'सरकारी' होती, म्हणजे आधी कुणाचीच नव्हती असं गृहीत धरूनच सुरुवात होती.

थोडक्यात काय, तर ऑफ-रोड हा शब्द निरागस नाही. इथे आधी कुणी नव्हतं, असं तो हळूच सांगून जातो. म्हणून म्हणतो की आडवाट म्हणा. मग आपोआप पुढचा प्रश्न येतो की वाट कुणाची.

याचा अर्थ जाऊ नका असा नाही. जरूर जा. टायरची हवा कमी करा, पाणी दुप्पट घ्या, चाक चाकोरीतच ठेवा. मोआबमध्ये शिरताना कोलोरॅडोच्या काठी एक मोठी मोकळी जागा दिसेल. तिथे युरेनियमची गिरणी होती, आणि गिरणीतून उरलेला दीड कोटी टनांहून अधिक किरणोत्सारी चोथा नदीला लागून पडला होता. तो उचलून रेल्वेने पन्नासेक किलोमीटर उत्तरेला पुरायचं काम २००९ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं चाललं.

व्हाइट रिमवर दिवसभर फिरायला परवाना लागतो. तो ऑनलाइन, पाच मिनिटांत मिळतो. खाणकामगारांच्या भरपाईचे नवे अर्ज २०२७ अखेरपर्यंत घेतले जातील.